हॅल डनिगनचा खांदा

१६ एप्रिल १९८६, बुधवार

बर्फ गेलं एकदाचं. ड्राइव्हवेच्या कडेला एक काळा ढीग उरलाय तेवढाच. प्र. अजून आरामखुर्चीत. बायपास होऊन अख्खा हिवाळा गेला. डॉक्टर म्हणतात चाला, गाडी चालवा, ऑफिसला जा. हा स्वयंपाकघरापर्यंत येतो तेही छातीवर हात ठेवून. मी दिवसभर परक्यांना चालायला लावते आणि घरी नवरा हा असा.

फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये नवा पेशंट. सव्वासहा फूट, केस पिकलेले, पंजे फावड्याएवढे. वाटलं सुतार असेल. उजवा खांदा दुखतो म्हणाला. काम काय करता?

"बॉल टाकतो."

हॅल डनिगन. आमच्या गावच्या बेसबॉल टीमचा पिचर. म्हणजे आपल्याकडचा बोलर. वय पंचेचाळीस म्हणाला. ऐकण्यात चूक झाली असं वाटून पुन्हा विचारलं. पंचेचाळीसच.

"तुम्ही मिसेस ओक? म्हणजे झाडाचा ओक?"

"नाही, कोकणातला ओक." समजलं काहीच नसणार, पण मनापासून हसला.

१८ एप्रिल, शुक्र.

मृणालला नाव सांगितलं तर उडालीच. "मॉम! ही इज लाइक अ डायनोसॉर!" तिच्या वर्गातल्या मुलांच्या बापांनी याला तरुणपणी टीव्हीवर पाहिलंय. वीसेक वर्षं मोठ्या लीगमध्ये खेळला. गेल्या वर्षी तिथल्या टीमने सोडून दिला. दुसरा कोणी घरी गेला असता. हा खाली उतरला, आमच्या गावच्या टीममध्ये. इथली पोरं बाविशी-तेविशीची, मोठ्या लीगचं बोलावणं येईल म्हणून वाट बघणारी. हाही त्याच रांगेत उभा. पोरं त्याला 'ग्रँपा' म्हणतात. टीमचा मॅनेजरसुद्धा याच्याहून लहान.

आज नीट तपासला. उजवं कोपर सरळच होत नाही, थोडं वाकलेलंच राहतं. खांदा मात्र मागे जातो तो जातोच, मी हात काढून घेतला तरी जातो. उजव्या दंडाचं हाड डाव्यापेक्षा जाड लागतं हाताला. एवढ्या वर्षांत असा हात पाहिला नाही. पस्तिशीच्या कारकुनाचा खांदा याच्याहून वाईट असतो.

दुखणं हात वर नेताना, मधल्या टप्प्यात. त्याच्या वर गेला की कमी. ओळखीचं लक्षण. आवडलं नाही मला.

२७ एप्रिल, रवि.

मॅचला गेलो. प्र.ला जवळजवळ उचलूनच नेला. दुपारची मॅच, थंड वारा, प्र. मफलर गुंडाळून. मृ. मैत्रिणींबरोबर वर जाऊन बसली.

आधी आमच्या टीमचा एक तरुण पिचर होता. बॉल दिसतच नव्हता इतका वेग. मग हॅल आला. सावकाश चालत. पहिला बॉल टाकला तर मला वाटलं, हातातून निसटला बहुतेक. इतका हळू! बॅटरने दणकून बॅट फिरवली आणि बॉल मागे कॅचरच्या, म्हणजे यांच्या विकेटकीपरच्या, हातात.

प्र. म्हणाला, "हा बोलिंग करतोय की गोट्या खेळतोय?"

पाचव्या-सहाव्या बॉलनंतर तो पुढे वाकून बसला. मग मलाच सांगायला लागला, "बघ, फिरकी नाहीये बॉलला. अजिबात फिरत नाही. म्हणून हवेत डुगडुगतोय. कुठे जाईल ते त्याच्या बापालाही माहीत नसेल." कॉलेजात हा लेगस्पिन टाकायचा, त्याच्या तोंडून मॅचचं एवढं वर्णन मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ऐकलं होतं. त्यानंतर आजच.

हॅल खेळला तोवर त्यांचा एकही माणूस मैदानाची फेरी पुरी करून 'घरी' पोचला नाही, म्हणजे एकही रन नाही. चालत गेला तसा चालत आला. टोपीला हात लावला फक्त.

१४ मे, बुध.

प्र.ला घरी एकटा ठेवायचा कंटाळा आला म्हणून क्लिनिकमध्ये घेऊन गेले. वेटिंग रूममध्ये हॅल कानस घेऊन नखं घासत बसलेला. तो बॉल नखांच्या टोकांत धरायचा असतो. म्हणाला, "खांदा दुखला तर मी टाकू शकतो. नख मोडलं तर नाही."

प्र.ने विचारलं, हे शिकलात कुठे?

तिशीपर्यंत तोही वेगातच टाकायचा. मग हात गेला. टीमने काढलं. खालच्या लीगमधल्या एका म्हाताऱ्या पिचरने बसच्या प्रवासात हा बॉल शिकवला. जमायला तीन उन्हाळे लागले. "पहिले दोन उन्हाळे लोक हसायचे. तिसऱ्याला बॅटर सोडून बाकीचे हसायचे."

मी दुसऱ्या पेशंटकडे गेले. परत येते तर प्र.च्या हातात हॅलचा बॉल आणि हा त्याला लेगब्रेकची पकड दाखवतोय, मनगट असं वळवायचं, असं सोडायचं. हॅल अगदी लक्ष देऊन बघत होता. "पुन्हा दाखवा." तीनदा दाखवायला लावलं. वीस वर्षं मोठ्या लीगमध्ये खेळलेला माणूस!

परत येताना प्र. गाडीत बोटं वळवत होता.

५ जून, गुरु.

वाईट. हॅल हात खांद्याइतकाही वर नेऊ शकला नाही. कपाळावर घाम. टीमच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलंय, त्याने चार दिवस बरं वाटलं आणि त्या चार दिवसांत हा दोन मॅच खेळला.

स्पष्ट सांगितलं. आतला स्नायू हाडाला जिथे चिकटतो तिथे झिजलाय. दोरखंडाचे धागे सुटावेत तसा. विश्रांती नाही घेतली तर तुटेल.

"माझं सगळंच झिजलंय मिसेस ओक. धरून राहील का ते सांगा."

मग म्हणाला, मॅनेजरला कळलं तर आजच घरी पाठवेल. त्याने विचारलं तर काय सांगाल?

"खोटं नाही सांगणार. पण मी सांगण्याआधी तुम्ही सांगा."

बराच वेळ टॉवेलची घडी घालत बसला. उलगडायचा, घालायचा. मग उठून गेला. उद्या याचं करिअर संपलं तर माझ्या एका वाक्याने.

६ जून, शुक्र.

सकाळी क्लिनिकच्या दारात उभा. सांगितलं म्हणे मॅनेजरला. तो म्हणाला, "मी शाळेत असताना तुझा फोटो माझ्या कपाटाच्या दाराला होता. तुला काढायचं काम माझ्यावर येऊ देऊ नकोस." दोन आठवडे विश्रांती. मग एक मॅच. ती गेली तर हॅल गेला.

१३ जून, शुक्र.

एक कल्पना सुचली. सकाळपासून डोक्यात घोळत होती. दुखतं ते ठरावीक उंचीवर. त्या उंचीला हात न्यायचाच नाही असं केलं तर? खालून, बाजूने टाकता येईल?

हॅलला आरशासमोर उभा केला. हात हळूहळू वर घेत गेले. इथे दुखतं? नाही. इथे? नाही. इथे? डोळे मिटले त्याने. तिथे पट्टी चिकटवली आरशाला. म्हटलं, याच्या खाली जे काय आहे ते तुमचं.

त्या पट्टीकडे बघत राहिला. "सगळं आयुष्य वरून टाकलंय मी."

"मग खालून टाकायला शिका."

बोलून गेले आणि जीभ चावली. पंचेचाळिसाव्या वर्षी माणसाला असं सांगतात का कोणी? पण त्याने तेवढ्यात हात खाली घेऊन बॉल सोडायची नक्कल सुरू केली होती. एकदा. पुन्हा. पुन्हा. मला विसरलाच.

१७ जून, मंगळ.

दुपारी पार्किंग लॉटमधून धप धप आवाज. खिडकीतून पाहते तर प्र. उकिडवा बसलाय, हातात हॅलने दिलेला मोठा ग्लव्ह, आणि हॅल समोरून हळूहळू बॉल टाकतोय, बाजूने. छातीचं हाड करवतीने कापून जोडलेला माणूस! धावत बाहेर गेले.

"काय चाललंय?"

"विकेटकीपिंग," प्र. म्हणाला. वर बघितलंही नाही. "तू जा आत. ए हॅल, वन मोअर."

एक बॉल नडगीवर बसला त्याच्या. मराठीत शिवी हासडली. हॅलला अर्थ कळला असणार, कारण माफी मागितली.

आत गेले. पेशंट ताटकळत होती, पण दोन मिनिटं सिंकपाशी उभी राहिले.

२२ जून, रवि.

ती एक मॅच. पहिल्याच इनिंगमध्ये (यांच्या मॅचमध्ये अशा नऊ असतात) धुतला हॅलला. बॉल खालून येत होता पण डुगडुगत नव्हता, सरळ जात होता, बॅटरला घास भरवल्यासारखा. लोक ओरडायला लागले, "गो होम, ग्रँपा!" मागचा एक माणूस नाही नाही ते बोलत होता. मृ. उभी राहून त्याच्याशी भांडली, "ही इज ट्राइंग समथिंग न्यू, ओके?" गेल्या महिन्यापर्यंत हिला बेसबॉलचा कंटाळा.

वाटलं, मीच बुडवलं याला.

मॅनेजर मैदानात गेला. आम्हाला वाटलं संपलं. दोघं काहीतरी बोलले. हॅलने मान हलवली. मॅनेजर एकटाच परत आला!

पुढची इनिंग बरी. त्याच्या पुढची चांगली. मॅच हरली टीम. पण शेवटचे दोन बॅटर त्याने असे चकवले की त्यांना बॅट कुठे फिरवावी कळेना.

मग कळलं काय बोलले. मॅनेजर म्हणाला, बस? हॅल म्हणाला, "आत्ताच पकड सापडतेय. अजून थोडं शिकू दे."

६ जुलै, रवि.

जिंकली टीम. हॅल सात इनिंग. प्र. स्वतः गाडी चालवत घेऊन गेला आम्हाला. मृ.ने मागून माझ्या खांद्याला चिमटा काढला.

३ ऑगस्ट, रवि.

हॅलची बायको लॉरेन टेनेसीहून आली आहे. मॅचला माझ्याशेजारी बसली. नीटनेटकी, शांत बाई, सतत पर्समधल्या गोळ्या चघळत. नवरा बॉल टाकत असताना बघत नाही ती. लोकांचे चेहरे बघते, त्यावरून कळतं म्हणाली.

"लग्न केलं तेव्हा म्हणाला होता, तीस वर्षांचा झालो की घरी. मुलं मोठी झाली. त्यांची लग्नं झाली. एकाच्या लग्नात हा जेवण न करता बस पकडायला गेला."

मी विचारलं, राग नाही येत?

"यायचा. आता भीती वाटते. हे थांबल्यावर घरी कोण येईल? मी या माणसाला उन्हाळ्यात कधी पाहिलेलंच नाही."

खाली हॅल बॉल पुसत होता. एवढे महिने त्याचं मी नुसतं कौतुक करत आलेय. बिल कोणाच्या नावावर फाटतं ते आज दिसलं. तरी सांगते, त्याने शेवटचा बॅटर बाद केला तेव्हा सगळ्यात आधी उभी राहिली ती हीच.

२४ ऑगस्ट, रवि.

आज जे पाहिलं ते लिहून ठेवायलाच हवं.

हॅल पूर्ण मॅच खेळला. नऊच्या नऊ इनिंग. असं हल्ली तरुणसुद्धा करत नाहीत, प्र. म्हणतो (प्र. आता सगळं जाणतो). ऊन असं की बाकं चटके देत होती. प्रत्येक इनिंगनंतर तो बाकावर जाऊन डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसायचा, आणि वाटायचं, आता नाही उठत. उठायचा. तसाच सावकाश.

शेवटच्या इनिंगला त्यांचा सगळ्यात दांडगा पोरगा आला. स्पीकरवर नाव पुकारलं तेव्हा हॅल थबकला, टोपी मागे सारून त्याच्याकडे नीट बघितलं. या पोराच्या बापालाही हॅलने बॉल टाकले होते, मोठ्या लीगमध्ये, पोरगा शाळेत असताना. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याला आठवत होतं, तो सगळ्यांना सांगत सुटला.

पहिला बॉल. बॅट हवेत. दुसरा. पोरगा हसला, मान हलवली, पाय पुन्हा रोवले. तिसरा बॉल आला तो जणू वाटेत थांबून विचार करून पुढे निघाला. बॅट आधीच फिरून गेली होती. तीनदा हुकला म्हणजे बाद.

सगळं स्टेडियम उभं. 'ग्रँपा, ग्रँपा', पण आता ते वेगळंच वाटत होतं. आणि तो पोरगा बाकाकडे न जाता हॅलपाशी आला, टोपी काढली, काहीतरी बोलला. मंगळवारी विचारणार काय ते.

टाळ्या वाजवून माझे तळवे लाल. प्र.च्या डोळ्यांत पाणी. ऊन लागलं म्हणाला.

२६ ऑगस्ट, मंगळ.

विचारलं. पोरगा म्हणाला, "डॅडनी सांगून ठेवलं होतं, तो बॉल मारायला जाऊ नकोस, नुसता बघ. मी ऐकायला हवं होतं."

खांदा सुजलाय. बर्फ लावून बसवला. सांगत होता आणि हसत होता.

३ सप्टेंबर, बुध.

फोन आला! मोठ्या लीगमधून. सीझनच्या शेवटी जास्तीचे खेळाडू घेतात, त्यात हॅलचं नाव. तेही त्याच टीमने बोलावलंय ज्यांनी गेल्या वर्षी सोडला होता. मॅनेजरने त्याला सगळ्या पोरांसमोर सांगितलं. पोरांनी उचलून घेतला. तो ओरडत होता, "खांदा! खांदा सांभाळा!"

क्लिनिकमध्ये निरोप घ्यायला आला. माझा हात त्या दोन फावड्यांत धरला. मी म्हटलं, व्यायाम चुकवू नका.

१४ सप्टें., रवि.

काल मंडळाचा गणपती. आरती झाल्यावर जेवताना हॅलचा विषय निघाला. देशपांडेकाका म्हणाले, "अहो, पंचेचाळिसाव्या वर्षी चेंडू कसले टाकतोय? माणसाने कुठे थांबायचं ते कळायला हवं." प्र. एरवी त्यांच्यापुढे बोलत नाही. काल मसालेभाताचं ताट खाली ठेवलं. "काका, ते त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. रोज सकाळी उठून हात वर करून बघतो तो. आपण काय बघतो?" काकू घाईघाईने जिलबी वाढायला आल्या.

आज दुपारी टीव्हीवर हॅल. टीम हरत होती तेव्हा मध्येच आणला. पडद्यावर एवढासा दिसत होता. समालोचक त्याच्या वयावर विनोद करत होते. पहिल्याच बॅटरने बॉल प्रेक्षकांत भिरकावला. मृ.ने उशीत तोंड खुपसलं. मग त्याने ओळीने बाद करायला सुरुवात केली. विनोद थांबले. एक समालोचक म्हणाला, "हा हात कुठून काढतोय? असा आधी टाकत नव्हता."

प्र. माझ्याकडे बघून म्हणाला, "सांगू का त्यांना फोन करून?"

१९ ऑक्टो., रवि.

हॅल परत. सीझन संपला. टीमने पुढच्या वर्षासाठी ठेवलं नाही, आभार मानले. सर्जन म्हणतात ऑपरेशन करा. केलं तर वर्ष जाणार. सेहेचाळीस पूर्ण झाली याला. वर्ष गेलं की सगळंच गेलं. नको म्हणाला.

प्र.ने विचारलं, "आता काय?"

"आता हिवाळा."

व्यायाम लिहून दिले. रबरी पट्टीचे, भिंतीचे. टेनेसीला घेऊन गेला.

११ जाने. १९८७, रवि.

लॉरेनचा फोन. सकाळ-संध्याकाळ व्यायाम करतो, गोठ्याच्या भिंतीवर बॉल टाकतो, ऐकून ऐकून डोकं उठलंय म्हणाली. पण आवाज हसरा. थांबला नाही तर निदान या वर्षी मी बरोबर जाईन, असं ठरवलंय तिने. "घरी बसून रेडिओ ऐकणं पुरे झालं."

१५ फेब्रु., रवि.

हॅल आणि लॉरेन आले. तिच्या बहिणीकडे आले होते दोन दिवस, इथून फ्लोरिडाला चाललेत. एका दुसऱ्याच टीमने कॅम्पला बोलावलंय. वचन काही नाही. या, टाकून दाखवा, मग बघू, एवढंच. मार्चअखेरीस कळेल.

पोहे केले. लॉरेनने दोनदा घेतले. जेवणाच्या टेबलाशीच त्याचा हात तपासला. हळूहळू वर नेला. ऑक्टोबरपेक्षा बराच वर गेला, मग ओठ मिटले त्याने. झीज आहे तिथेच आहे. भोवतालचे स्नायू मात्र असे तयार केलेत की बोट रुतत नाही.

त्याने कधी विचारलं नव्हतं, ते आज विचारलं. "किती टिकेल?"

लॉरेनने कप खाली ठेवला. प्र. माझ्याकडे बघायला लागला. धीर द्यावासा वाटला. खोटं सांगवेना.

"मला माहीत नाही, हॅल. उद्या तुटेल. नाहीतर दोन वर्षं टिकेल. खरंच माहीत नाही."

त्याने शर्टाची बाही खाली केली, बटण लावलं. "चालेल," म्हणाला. "म्हणजे कॅम्पमधल्या पोरांइतकंच माहीत आहे मला."

बाहेर कडाक्याची थंडी. प्र. त्यांच्या गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडून देत होता, मी अडवलं नाही. गाडी लॉरेनने चालवायला घेतली. कोपऱ्यावर वळताना हॅलने काच खाली करून उजवा हात बाहेर काढला आणि हलवत राहिला, खांद्याच्या वर न नेता.